मोठी ऑर्डर दारात आहे. नोकरी सोडू का?

बक्कल

नमस्कार मंडळी. मी एका कंपनीत मशीन ड्रॉइंगचं काम करते. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी फिरतीवरच्या टेक्निशियन लोकांसाठी टूलबॅग बनवते. डिझाइन आणि कटिंग माझं, शिलाई दोन कारागिरांकडे जॉबवर्कवर. पट्टा जिथे बॅगेला जोडतो तिथे बारटॅक, म्हणजे दाट टाक्यांची पक्की शिलाई, आणि तळाला रबरी शीट, एवढ्या दोन गोष्टींवर माझी बॅग चालते. बाजारातल्या बॅगा नेमक्या तिथेच फाटतात.

महिन्याला 40-50 बॅगा जातात. पैसे माल उचलतानाच मिळतात. उधारी शून्य.

आता लिफ्ट देखभालीच्या एका बऱ्यापैकी मोठ्या कंपनीने 600 बॅगांची ऑर्डर देऊ केली आहे. माल 45 दिवसांत द्यायचा, पैसे बिलानंतर 60 दिवसांनी. घरच्यांचं म्हणणं, लक्ष्मी टिळा लावायला आलीय आणि तू तोंड कुठे धुवायला जातेस. माझ्या डोक्यात तीन प्रश्न आहेत. नोकरी सोडू का? कर्ज काढू का? आणि या दोन्हीतलं काही न करता ही ऑर्डर घेता येईल का? यशस्वी उद्योजकांच्या मुलाखती ऐकते तेव्हा सगळे ‘उडी मारा’ म्हणतात. ज्यांनी स्वतः धंदा केलाय त्यांनी सांगा.

---

उंचउडी

अभिनंदन ताई! अशी संधी परत येत नाही. जेम्स डायसनने व्हॅक्यूम क्लीनरसाठी 5,127 नमुने बनवले, कर्जात बुडाला तरी हटला नाही. नोकरीचा पगार ही अफूची गोळी आहे. सोडा आणि भिडा.

---

खोकेवाला

उंचउडी, डायसनचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, कारण ते इथे उलटं लागू पडतं. ते पाच हजार नमुने होत होते तेव्हा त्याच्याकडे ना कारखाना होता ना कोणाची मुदतबंद ऑर्डर. बायको चित्रकला शिकवून घर चालवत होती. यंत्र आधी बाजारात आलं ते जपानी कंपनीला परवाना देऊन, आणि स्वतःच्या नावाचं डीसी 01 आलं 1993 मध्ये. म्हणजे घरात एक पगार होता, आणि मोठ्या प्रमाणावर बनवायची जोखीम पहिल्यांदा दुसऱ्याने उचलली. हा भाग मुलाखतीत ऐकायला येत नाही, कारण तो ऐकून कोणी टाळ्या वाजवत नाही.

ताई, माझा खोक्यांचा धंदा आहे, कोरुगेटेड बॉक्स. आमचा माल सगळ्यांना पहिल्यांदा लागतो आणि पैसे देताना सगळ्यांच्या शेवटी आठवतो. त्यामुळे उधारी या विषयावर मी थोडा लांबण लावणार आहे, चहा घेऊन बसा.

तुमचा आजचा धंदा लहान आहे, पण एका बाबतीत भल्याभल्यांना हेवा वाटावा असा आहे. माल गेला की पैसे आले. ही ऑर्डर घेतलीत की तुमची बॅग तीच राहील, पण धंदा बदलेल. आज तुम्ही बॅगा विकता. उद्यापासून बॅगाही विकाल आणि एका मोठ्या कंपनीला बिनव्याजी कर्जही द्याल.

आकडे मांडू. खरा भाव तुमचा तुम्हाला ठाऊक. आपण एक बॅग 100 ला धरू. कापड, वेबिंग (पट्ट्याची विणलेली पट्टी), झिप, बकलं, रबर मिळून 55. शिलाई 18. पॅकिंग, वाहतूक, किरकोळ 7. खर्च 80, सुटले 20. म्हणजे 600 बॅगांची विक्री 60,000, खिशातून 48,000, नफा 12,000. कागदावर झकास.

आता कॅलेंडर काढा. कापडाचे पैसे पहिल्या दिवशी रोख, कारण नव्या गिऱ्हाईकाला उधार कोण देतो? 45 व्या दिवशी माल पोचला. तिथे तो तपासून स्टोअरमध्ये जमा होईपर्यंत दहा दिवस. मग 60 दिवस. साठ संपले म्हणजे पैसे आले असं नाही बरं का. मोठ्या कंपन्यांची पेमेंटं बहुधा ठरलेल्या तारखांना निघतात, तारीख हुकली की पुढच्या खेपेला. फोन केलात की पलीकडून अतिशय गोड आवाजात उत्तर येतं, ‘बिल पास झालंय हो, पण या पंधरवड्याचा रन निघून गेला.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पलीकडच्याने ‘बिल’ म्हणताच पुढचं मीच पुरं करतो. तर धरा 130 वा दिवस. तोवर कापड उसवून परत विकता येत नाही आणि कारागीर थांबत नाहीत.

यात 30 बॅगा रिजेक्ट झाल्या तर? शंभरात पाच, फार नाही. त्या 30 चं बिल होणार नाही, म्हणजे 3,000 गेले, नफ्याचा चौथा हिस्सा. 48,000 कर्जाऊ आणले, महिना दीड टक्क्याने चार महिने, की 2,880 व्याज. बारा हजारांचे राहिले सहा. आणि त्या दीड महिन्यात तुमचे दोन कारागीर याच ऑर्डरला जुंपलेले असणार, म्हणजे नेहमीच्या रोखीच्या 40-50 बॅगा बंद. ते गिऱ्हाईक तुमच्यासाठी थांबेल का, हे मला नाही, तुम्हाला माहीत.

मी ऑर्डर नाकारा म्हणत नाही. या अटींवर घेऊ नका म्हणतोय.

नोकरीचं म्हणाल तर मुळीच सोडू नका. नाइकीच्या फिल नाइटने आपला कोच बिल बॉवरमनबरोबर 1964 मध्ये प्रत्येकी 500 डॉलर घालून धंदा सुरू केला, तेव्हा नाव ब्लू रिबन स्पोर्ट्स होतं. जपानहून ओनित्सुका कंपनीचे बूट आणायचे आणि धावण्याच्या शर्यती जिथे असतील तिथे गाडीतून विकायचे. हा माणूस पूर्णवेळ धंद्यात आला 1969 मध्ये. मधली पाच वर्षं हिशेबनीसाची नोकरी, मग कॉलेजात शिकवणं. बुटांचा खप वाढत होता तरीही. सारा ब्लेकलीचंही तेच. बचतीच्या 5,000 डॉलरवर स्पँक्स ही अंतर्वस्त्रांची कंपनी उभी करताना ती दिवसा फॅक्स मशीन विकत होती.

नाइटची पुढची गोष्ट तुमच्या जास्त कामाची आहे. विक्री दर वर्षी दुपटीच्या आसपास वाढत होती आणि बँक वैतागलेली होती. आपल्याला वाटतं, विक्री दुप्पट झाली तर बँकेने खूश व्हावं. पण आलेला प्रत्येक पैसा पुढच्या मोठ्या खेपेत जात होता, खात्यात शिल्लक म्हणून काही नाही. बँकेच्या नजरेला हा नुसता डोलारा होता. शेवटी निशो इवाई या जपानी व्यापारी कंपनीने मालासाठी पैसा पुरवला म्हणून निभावलं. धंदा तोट्याने मरतो हे सगळ्यांना कळतं. नफ्यात असलेला धंदा रोख संपल्याने मरतो, हे ज्याच्या दाराशी येतं त्यालाच कळतं.

म्हणून करायचं ते असं: 150 चे चार लॉट पाडून मागा. पहिल्या लॉटला 40 टक्के ऍडव्हान्स. मग तुमचे एका वेळी 48,000 नाही, 12,000 च अडकतील आणि त्यातलेही 6,000 त्यांचेच.

---

रोजमेळ

खोकेवाले, सगळं पटलं, शेवटचं गणित सोडून. मी हिशेब लिहिणारा माणूस आहे, राहवत नाही. चार लॉट पाडले पण प्रत्येकाचे पैसे साठ दिवसांनीच येणार असतील, आणि चारही लॉट 45 दिवसांतच द्यायचे असतील, तर पहिल्याचे पैसे येण्याआधी चौथाही जाऊन बसलेला असेल. अडकले ते 48,000 च, वजा ऍडव्हान्स. लॉट पाडण्याचा फायदा तेव्हाच, जेव्हा आधीच्या लॉटचे पैसे आल्यावर पुढचं कापड फाडायचं ठरतं. त्यासाठी एकतर मुदत वाढवून घ्या किंवा उधारी कमी करून घ्या. दोन्ही त्यांच्याकडून लेखी.

ताई, आणखी दोन गोष्टी. ‘बिलानंतर 60 दिवस’ म्हणजे बिलाच्या तारखेपासून, की माल जमा झाल्यापासून? पीओवर, म्हणजे त्यांच्या लेखी खरेदी ऑर्डरवर, काय छापलंय ते बघा. आणि बिलावरचा कर बिलाच्या तारखेला भरावा लागतो की पैसे हातात आल्यावर, हे तुमच्या हिशेबनीसाला आजच विचारा. न आलेल्या पैशांवरचा कर आधी भरायची वेळ आली की वर मांडलेलं गणित आणखी घट्ट होतं.

---

खोकेवाला

रोजमेळ, बरोबर पकडलंत. दुसरा लॉट पहिल्याच्या पैशावरच. हेच म्हणायचं होतं, लिहायचं राहिलं असं म्हणून वेळ मारून नेत नाही, तुमची दुरुस्ती मान्य.

---

पलीकडचा

मी मोठ्या कंपनीत खरेदी विभागात आहे, म्हणजे खोकेवाल्यांना तो गोड आवाज ऐकवणारा. आमची बाजूही ऐका.

उधारीचे दिवस आमच्या हातात फारसे नसतात, ते वरून ठरतात. त्यावर डोकं आपटण्यात अर्थ नाही. ऍडव्हान्सला तर बहुतेक जागी बँक गॅरंटी मागतात, ती नवीन सप्लायर कुठून आणणार? पण एक वाट असते आणि लहान सप्लायर ती क्वचित विचारतात. कापड आम्ही द्यायचं. आमचे कापडवाल्यांशी जुने व्यवहार असतात, त्यांच्या उधारीचे दिवस आम्ही सांभाळतो. सप्लायरने फक्त शिवून द्यायचं. तुमच्या 80 मधले निदान 40 तरी यात कमी होतील. भाव पडेल, नफाही थोडा पडेल, पण अडकणारी रक्कम निम्म्यावर येते. अट एकच, दिलेल्या कापडाचा मीटरवारी हिशेब द्यावा लागतो. कटिंगमध्ये किती चिंधी जाते हे आधी मोजून मान्य करून घ्या, नाहीतर प्रत्येक तुकड्याची डेबिट नोट येईल, म्हणजे तेवढे पैसे तुमच्या बिलातून कापले जातील.

दुसरं, रिजेक्शन. सहीचा नमुना ठेवा. दोन बॅगा बनवा, दोन्हींवर आमच्या आणि तुमच्या माणसाच्या सह्या, एक आमच्याकडे, एक तुमच्याकडे सीलबंद. मग कोणी ‘रंग वेगळा वाटतो’ म्हटलं तर समोर ठेवायला वस्तू असते. आणि कापडाचा तो रंग एकाच डाय लॉटमधला, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या खेपेतला, घ्यायला सांगा.

---

बक्कल

सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः पलीकडच्यांचे. हे सुचलंच नसतं.

एक शंका. कापड त्यांचं, शिलाई माझी, तर उद्या ते कापडासकट नमुना दुसऱ्या शिवणाऱ्याकडे घेऊन गेले तर? माझ्याकडे राहिलं काय?

---

खोकेवाला

जातील. पुढच्या वर्षी नक्की प्रयत्न करतील, भाव पाडून घेण्यासाठी का होईना. (पलीकडचे, हसू नका.)

वॉलमार्टवाल्या सॅम वॉल्टनचं पहिलं दुकान 1945 मध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्ट नावाच्या गावात होतं. पाच वर्षांत त्याने ते जोरात चालवलं. भाडेकरारात मुदत वाढवून मिळण्याचं कलम नव्हतं. दुकान चालतंय म्हटल्यावर मालकाने ते आपल्या मुलासाठी घ्यायचं ठरवलं, आणि 1950 मध्ये वॉल्टनला गाव सोडून बेंटनव्हिलला नव्याने सुरुवात करावी लागली. पहिलं वॉलमार्ट निघालं ते 1962 मध्ये. दुकान गेलं, पण ते चालवायची अक्कल मालकाला ठेवून घेता आली नाही.

तुमच्या बाबतीत ती अक्कल त्या जोडात आहे. बारटॅक किती लांब, किती टाके, आत कोणती पट्टी, हे ड्रॉइंग त्यांच्या हातात देऊ नका. नमुना द्या, मापाचा कागद देऊ नका. उसवून कोणीही शिकेल, मान्य, पण निदान कष्ट तरी पडू देत. आणि बकलं, वेबिंग, धागा तुमच्याकडूनच जाईल असं ठरवा, फक्त मुख्य कापड त्यांचं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे नेहमीच्या रोखीच्या बॅगा एक महिनाही बंद ठेवू नका. मोठ्या कंपनीशी भाव करताना तुमचा आवाज किती चढा राहील, ते त्या 40 बॅगांवर ठरतं. तिसरा कारागीर शोधा. ऑर्डर हातात यायच्या आधी शोधा आणि त्याच्याकडून आधी नेहमीच्याच बॅगा शिवून घ्या. नव्या माणसाचा पहिला जोड 600 च्या लॉटमध्ये जाता कामा नये.

---

पलीकडचा

हसलो. पण ड्रॉइंगबद्दलचं बरोबर आहे. आम्ही मागतो, कारण मागायचा रिवाज आहे. ‘नमुन्याप्रमाणे’ एवढं पीओवर लिहून घ्यायला सांगा, बहुतेक वेळा चालून जातं.

---

बक्कल

आज बोलणं झालं. मुख्य कापड ते देणार. 150 चे चार लॉट, मुदत 45 दिवसांऐवजी पाच महिने, कारण त्यांनाही सगळ्या बॅगा एकदम नकोच होत्या, नवी माणसं टप्प्याटप्प्याने भरती होणार आहेत. हे मी विचारलं नसतं तर त्यांनी सांगितलंही नसतं. पैसे माल जमा झाल्यापासून 30 दिवसांनी, आणि पुढच्या लॉटचं कापड आधीच्याचं पेमेंट झाल्यावरच मी उचलायचं. ऍडव्हान्सला ठाम नकार. नोकरी चालू आहे, कर्ज नाही.

अडलंय फक्त चिंधीवर. ते पाच टक्के म्हणताहेत, माझ्या कटिंगमध्ये आठच्या आसपास जाते. कोणी टूलबॅगचं मार्किंग, म्हणजे कापायच्या तुकड्यांची आखणी, आडव्या कापडावर करून पाहिलंय का?

---

रोजमेळ

तळाचे आणि खिशांचे तुकडे मोठ्या तुकड्यांच्या मधे बसवून एक लेआउट कागदावर काढा, तुमचं तर रोजचंच काम आहे. तरी साडेसहाच्या खाली येत नसेल तर सात मागा आणि वर जाईल त्याचा भाव आधीच ठरवून घ्या.