नागपूरच्या उन्हाळ्यात वाइन: बूच बरं की स्क्रू कॅप?

धंतोलीवाला:
दोन-तीन वर्षांत संपवायची वाइन असेल, तर नागपुरात स्क्रू कॅपचीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. कारण आपला उन्हाळा. ७५० मिलि वाइन २० अंशांवरून ४० वर गेली की चार-पाच मिलिने फुगते. बाटलीच्या गळ्याचा आतला व्यास साधारण १८.५ मिमी, त्यामुळे पातळी सेंटिमीटरभर तरी चढते. बुचाखाली मोकळी जागा असते जेमतेम दीड सेंटिमीटर. तिथली हवा दाबली जाते, बूच वर सरकतं आणि कडेने वाइन पाझरते. रात्री गार झाली की त्याच वाटेने हवा आत शिरते. स्क्रू कॅपमध्ये बुचाची जागाही रिकामी असते, म्हणून दाब कमी चढतो. ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीतल्या रिझलिंग ही पांढरी वाइन करणाऱ्यांनी २००० सालीच ही झाकणं स्वीकारली, ती उगाच नाही.

बर्डीकर:
भाऊ, क्लेअरवाल्यांनी बूच सोडलं ते बुचाच्या वासाला कंटाळून, उन्हामुळे नाही. आणि ४० अंशांत पडलेली वाइन स्क्रू कॅपमध्येही शिजतेच, फळाचा ताजेपणा जातोच. मग दोष बुचाला काहून? उलट बूच चुगली करतं. दुकानात बाटलीच्या डोक्यावरून अंगठा फिरवा. बुचावरचं फॉइल फुगलेलं लागलं किंवा कडेला चिकट ओघळ दिसला, तर बाटली परत ठेवा. स्क्रू कॅपवरून यातलं काहीच कळत नाही.

धंतोलीवाला:
चुगली मान्य. पण वासाचा मुद्दा तुम्हीच काढलात. टीसीए या रसायनाने वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, आणि लिटरला काही नॅनोग्रॅम एवढंही पुरतं. महागाची बाटली उघडल्यावर हे कळून उपयोग काय?

बर्डीकर:
त्यावर उपाय निघाला आहे. बुचाचा भुगा करून दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने धुतात आणि त्याचं बूच घडवतात. डायम हे त्यातलं नाव. स्क्रू कॅपलाही मर्म आहे: वरच्या कडेला पोचा आला की आतलं अस्तर काचेच्या ओठावरून सुटतं आणि हवा शिरते. पेट्या आपटत येणाऱ्या मालात असे पोचे दिसतात. घेताना ती कड बघाच.

मेडिकल चौक:
तुमच्या वादात ओपनर राहिलाच. अर्धी बुचं ओपनरने मोडतात आणि बोल बुचाला लागतो. दोन पंखांच्या स्वस्त ओपनरमध्ये बहुधा भरीव स्क्रू असतो. तो बुचाचा गाभा कोरतो आणि भुगा वाइनमध्ये पडतो. चांगली पोकळ स्प्रिंग असेल, तर मधून आगपेटीची काडी आरपार जाते. दोन टप्प्यांचा वेटरचा ओपनर घ्या. फॉइल बाटलीच्या ओठाच्या खालच्या कडेखाली कापा, म्हणजे वाइन त्याला लागत नाही. टोक बरोबर मध्यावर टेकवा, सरळ फिरवा आणि शेवटचा एक वेढा बाहेर ठेवा. सगळी आत घातली तर आखूड बुचाच्या तळातून टोक निघतं. आधी ओपनरचा वरचा टप्पा बाटलीच्या ओठावर टेकवून उचला, मग खालचा. उरलेलं बूच हाताने हळूच काढा. अर्धं मोडलं तर स्प्रिंग तिरपी घालून तुकडा काचेवर दाबत ओढा. तेही जमलं नाही तर तुकडा आत ढकला आणि मलमलीतून गाळा.

जुन्या, ठिसूळ बुचाला दोन पात्यांचा ओपनर हवा. बूच आणि काच यांच्या फटीत लांब पातं आधी, डोलवत दोन्ही खाली, मग पिळत वर. बूच सैल असेल तर मात्र हा नको, ते आत पडतं.

धंतोलीवाला:
एवढी कसरत नको म्हणूनच तर स्क्रू कॅप. खालचा पट्टा मुठीत धरा आणि बाटली फिरवा. पट्टाही सोबत फिरत असेल, तर चाकूच्या टोकाने छिद्रांची रेघ कापा. झालं.

बर्डीकर:
रोजच्या वाइनला चालेल. पण आठ-दहा वर्षं मुरवायच्या लाल वाइनला मी बूचच निवडीन, फक्त ती थंड जागी आडवी हवी. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कूलरच्या खोलीवरही भरवसा ठेवू नका. वाइन कॅबिनेट नसेल तर तेवढे दिवस फ्रिजचा भाजीचा कप्पा चालतो.