मदत हवी: ओरॅकल डेटाबेसचा स्टँडबाय (दुसरीकडे तयार ठेवलेली प्रत) असूनही करप्ट, म्हणजे नासका, ब्लॉक आपोआप दुरुस्त होत नाही

खाडीकाठ:
ओरॅकल १९सी, एंटरप्राइझ एडिशन. प्रायमरी (मूळ चालू डेटाबेस) रत्नागिरीत मासळी प्रक्रिया कारखान्यात, फिजिकल स्टँडबाय पुण्याला. काल रात्री वादळी पावसात तीनदा लाईट गेली. सकाळपासून साठ्याचा रिपोर्ट काढला की ओआरए-०१५७८ (ब्लॉक नासल्याची एरर) : फाइल ७, ब्लॉक ४८२१३. लॉग (बदलांच्या नोंदी) पुण्याला वेळेवर पोचतायत, गॅप नाही. मग तिथला चांगला ब्लॉक इकडे का येत नाही?

भरती_ओहोटी:
पुण्यात व्ही-डॉलर-डेटाबेस या स्थिती दाखवणाऱ्या व्ह्यूमधला ओपन मोड काय दाखवतो?

खाडीकाठ:
माउंटेड, म्हणजे वाचायला उघडलेला नाही.

भरती_ओहोटी:
तिथेच गाडी अडलीय. स्टँडबायचा मोड 'रीड ओन्ली विथ अप्लाय' (वाचायला उघडा आणि आलेले लॉग लावणंही चालू) असेल तरच ब्लॉक आपोआप येतो. ही सोय ११जी रिलीज २ पासूनची, पण ॲक्टिव्ह डेटा गार्ड या जादा पर्यायाचं लायसन्स वेगळं लागतं. ते नसेल तर तसा उघडू नका, ऑडिटमध्ये सापडतं.

लायसन्स असेल तर पुण्यात: रिकव्हर मॅनेज्ड स्टँडबाय कॅन्सल, मग ओपन रीड ओन्ली, मग अप्लाय पुन्हा सुरू. ब्रोकर (डेटा गार्ड सांभाळणारी सोय) वापरत असाल तर अप्लाय त्याच्या डीजीएमजीआरएल या कमांड टूलमधूनच बंद-चालू करा. स्टँडबाय रीडो लॉग (येणारे बदल लिहून घेणाऱ्या फाइली) प्रायमरीच्या रीडो लॉगच्याच आकाराचे आणि एक ग्रुप जास्त हवेत. आता तोच रिपोर्ट पुन्हा चालवा. अलर्ट लॉगमध्ये 'ऑटोमॅटिक ब्लॉक मीडिया रिकव्हरी सक्सेसफुल' आणि फाइल-ब्लॉकचे आकडे दिसले की झालं. वापरणाऱ्याला एरर दिसतही नाही, क्वेरी जरा थांबते इतकंच. मात्र घाटात दरड येऊन फायबर तुटली आणि अप्लाय मागे पडला, तर ०१५७८ परत येणारच.

लायसन्स नसेल तर प्रायमरीवर आरमॅन या बॅकअप-रिकव्हरी टूलमधून: रिकव्हर डेटाफाइल ७ ब्लॉक ४८२१३. फुल किंवा लेव्हल शून्य (इन्क्रिमेंटलचा पाया असलेला पूर्ण) बॅकअप आणि त्यानंतरचे सगळे आर्काइव्ह (साठवून ठेवलेले) लॉग लागतील. फाइल ऑनलाइनच राहते.

खाडीकाठ:
लायसन्स आहे, उघडलं. रिपोर्ट निघाला! पण आरमॅनच्या 'व्हॅलिडेट डेटाबेस' तपासणीत आणखी चार ब्लॉक सापडले. ते का नाही सुधारले?

भरती_ओहोटी:
व्हॅलिडेट फक्त यादी करतो. क्वेरीने ब्लॉक वाचला तरच आपोआप दुरुस्ती होते. यादीसाठी आरमॅनमध्ये 'रिकव्हर करप्शन लिस्ट' द्या, तोही आधी स्टँडबायवर शोधतो. नंतर व्हॅलिडेट पुन्हा चालवून यादी रिकामी झाल्याची खात्री करा.

हापूस_पेटी:
एक राहिलं. त्या चारांपैकी एखाद्यावर ओआरए-२६०४० आला तर तो नोलॉगिंगने (लॉगमध्ये नोंद न करता) भरलेला, पुण्यातही तो नासकाच असणार. ते टेबल मूळ डेटावरून परत भरा आणि फोर्स लॉगिंग (नोंद सक्तीची) चालू करा. फाइल हेडरचा ब्लॉक किंवा लॉस्ट राइट (डिस्कने 'लिहिलं' म्हणून सांगितलं पण लिहिलंच नाही) आपोआप दुरुस्तीची सोय दुरुस्त करत नाही.

आणि रेड कंट्रोलरची (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची) बॅटरी आजच बघा. ती मेलेली असून राइट-बॅक कॅशे (लिखाण आधी मेमरीत, डिस्कवर नंतर) जबरदस्तीने चालू ठेवला असेल, तर लाईट जाताच कॅशेमधलं लिखाण उडतं. खाऱ्या हवेत यूपीएसच्या टर्मिनलवर हिरवा गंज धरतो, तोही खरवडून घ्या.

खाडीकाठ:
बॅटरी 'फेल्ड' दाखवतेय. राइट-थ्रू (लिखाण थेट डिस्कवर) केलं, नवीन मागवतो.