गोठलेल्या मातीला नाव नक्की कशावरून देतात? (अकरावीच्या मुलीचा प्रश्न)

फोंड्याचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी फोंड्याजवळ एका हायर सेकंडरीत भूगोल शिकवतो. गेल्या आठवड्यात अकरावीच्या मुलांना घेऊन वास्कोला हेडलँड सड्यावरच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात गेलो होतो, मुलं एकदम खूश, येताना बसमध्ये सगळी अंटार्क्टिकाबद्दलच बोलत होती. तेवढ्यात एका मुलीने विचारलं की सर तिथे माती असते का, आणि असली तर ती कुठल्या प्रकारची. मी सांगितलं की असते, जमीन कायम गोठलेली असली की त्या मातीला जेलिसॉल म्हणतात. ती दोन मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली, "पण सर, गोठणं ही तर नुसती अवस्था झाली ना? आपला जांभा पावसात भिजतो, मे महिन्यात तापतो, तरी तो जांभाच. मग तिकडच्या मातीला फक्त थंडीवरून वेगळं नाव कसं?"

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. आणि आता दुसरा प्रश्न माझ्याच डोक्यात आलाय, हिवाळ्यात तर तिकडची सगळीच जमीन गोठलेली असणार, मग मोजतात कधी आणि कसं? सोमवारी वर्गात तिला नीट सांगायचंय. कोणाला माहीत असेल तर जरा विस्ताराने लिहा.

सर्व्हेवाला_निवृत्त

मास्तर, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. मी नोकरीत असताना पेडण्यापासून काणकोणपर्यंत खड्डे खणून प्रोफाइल (म्हणजे खड्ड्याच्या भिंतीत वरून खाली दिसणाऱ्या थरांची नोंद) लिहिलेत, गोठलेली माती मी स्वतः खणलेली नाही, पण वर्गीकरणाची किल्ली, म्हणजे क्रमाने प्रश्न विचारत मातीचं नाव ठरवायची यादी, रोजच्या वापरातली त्यामुळे तेवढं सांगू शकतो.

आधी पर्माफ्रॉस्ट म्हणजे काय ते. जी जमीन सलग दोन वर्षं किंवा जास्त काळ शून्य अंश किंवा त्याच्या खाली राहते ती. ह्यात बर्फ असायलाच पाहिजे असं नाही, कोरडा खडक असला तरी चालतो, अट फक्त तापमानाची. त्याच्या वरचा थर दर उन्हाळ्यात वितळतो आणि परत गोठतो, त्याला ॲक्टिव्ह लेयर म्हणतात, आपण सक्रिय थर म्हणू. झाडझुडूप, मुळं, किडे सगळं त्याच थरात. आता अमेरिकन पद्धतीतला नियम असा की पृष्ठभागापासून १०० सेंटिमीटरच्या आत पर्माफ्रॉस्ट लागला तर ती माती जेलिसॉल. किंवा पर्माफ्रॉस्ट २०० सेंटिमीटरच्या आत असेल, पण मग वरच्या १०० सेंटिमीटरमध्ये गोठण्या-वितळण्याने माती ढवळली गेल्याच्या किंवा बर्फाच्या चकत्या साठल्याच्या खुणा दिसल्या पाहिजेत.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर ह्या दुसऱ्या अटीत आहे बघा. गोठणं ही नुसती अवस्था राहत नाही, ते मातीत खुणा सोडून जातं. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, शिवाय बारीक मातीत गोठणारा थर खालचं पाणी स्वतःकडे ओढून घेतो, त्याच्या चकत्या बनतात, माती वर उचलली जाते, उन्हाळ्यात परत बसते. हे हजारो वर्षं चाललं की थरांच्या रेषा सरळ राहत नाहीत, वाकतात, तुटतात, वरची काळी माती खाली जाऊन पर्माफ्रॉस्टच्या डोक्यावर साठते, आणि आडवे पडलेले दगड उभे राहतात. वरून बघितलं तर जमिनीवर गोल, जाळी, पंचकोनी-षटकोनी आकार दिसतात. मुलांना समजावायला आपल्याकडचं उदाहरण द्या, विदर्भ-मराठवाड्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरचं भेगांत पडतं, पावसात फुगते, म्हणून शेतकरी म्हणतो की ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. तिथे ओल आणि सुकणं जे काम करतं ते इथे गोठणं आणि वितळणं करतं.

ह्या ढवळण्यावरूनच पोटप्रकार पडलेत. ढवळलेली ती टर्बेल. वरच्या ५० सेंटिमीटरमध्ये आकारमानाने ८० टक्के किंवा जास्त कुजका पालापाचोळा, शेवाळ असली सेंद्रिय सामग्री असेल ती हिस्टेल, आणि किल्लीत हिचा नंबर आधी. दोन्हीत न बसणारी उरलेली ती ऑर्थेल.

आणि मोजायचं कधी, तर उन्हाळ्याच्या अगदी शेवटी, जेव्हा जमीन जास्तीत जास्त खोल वितळलेली असते. आर्क्टिकमध्ये ऑगस्टअखेर-सप्टेंबर. साधी पोलादी सळई जमिनीत दाबत जायची, खाली टणक लागलं की खोली वाचायची. १९९१ पासून ह्याचं एक जागतिक जाळं चालू आहे, तिथे १०० मीटर बाय १०० मीटरचा चौकोन आखून ११ गुणिले ११ म्हणजे १२१ ठिकाणी सळई घालतात, दर वर्षी त्याच जागी. एकाच ठिकाणी मोजून भागत नाही कारण शेवाळाच्या गादीखाली जमीन थोडीच वितळते आणि दोन पावलांवर उघड्या रेतीत दुप्पट.

मैत्रीवर_एक_उन्हाळा

सर्व्हेवाले काका, छान लिहिलंत. मी काही वर्षांपूर्वी मोहिमेबरोबर मैत्रीला, म्हणजे अंटार्क्टिकातल्या आपल्या संशोधन केंद्राला, गेले होते, शास्त्रज्ञ म्हणून नाही, सॅम्पल गोळा करणाऱ्या टीमला मदतीला. तुम्ही जे लिहिलंय ते आर्क्टिकचं चित्र आहे, शेवाळ, दलदल, काळी माती. आमच्याकडे असलं काहीच नव्हतं. मैत्री ज्या शिर्माखर ओअॅसिसमध्ये आहे तो उघड्या खडकाचा पट्टा, चहूकडे बर्फ आणि मध्ये टेकड्या नि तळी. माती म्हणजे खडे, जाड रेती, कुठेतरी ओलाव्याला हिरवट शेवाळाचा ठिपका. पहिल्या दिवशी मला वाटलं ह्याला माती कसं म्हणायचं, ही तर रेवच आहे.

खणायचं काम सोपं वाटतं आणि नसतं. वरची रेती फावड्याने सहज निघते आणि मग एकदम ठक्क आवाज येतो, जणू खाली काँक्रीट ओतून ठेवलंय. तोच गोठलेला थर. तिथून पुढे छिन्नी-हातोडा किंवा ड्रिल. आणि घाई करावी लागते कारण भिंत उन्हात आली की वितळून घसरायला लागते, मग कुठला थर कुठे होता ते कळत नाही, म्हणून आधी फोटो, मग रंगाचा चार्ट लावून नोंद, मग सॅम्पल पिशवीत, ते गोठलेलंच ठेवायचं, आणि शेवटी खड्डा होता तसा बुजवायचा, तिथले पर्यावरणाचे नियम कडक आहेत आणि ते बरोबरच आहे कारण तिथे बुटाचा ठसाही वर्षानुवर्षं राहतो.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. अंटार्क्टिकाच्या काही कोरड्या दऱ्यांत जमीन शून्याच्या खूप खाली असूनही भुसभुशीत, कारण बांधून ठेवायला पाणीच नाही. त्याला कोरडा पर्माफ्रॉस्ट म्हणतात आणि तसल्या मातीच्या नावात ॲन्ही लावतात, ॲन्हीऑर्थेल वगैरे. म्हणजे गोठलेली माती म्हणजे बर्फाळ माती असं नाही. आर्क्टिकमध्ये उलटी गत, काही ठिकाणी ३० सेंटिमीटर किंवा जास्त जाडीचा, आकारमानाने ७५ टक्के किंवा जास्त बर्फच असलेला थर निघतो, त्याला ग्लेसिक थर म्हणतात, तोही नावात येतो.

सत्तरीचा_कुळागरकार

वाचून बरं वाटलं. माझा शास्त्राशी संबंध नाही पण मातीशी आहे. आमच्याकडे वाडवडिलांपासून शेतजमिनीची तीन नावं, मरड, खेर आणि खाजन. मरड म्हणजे उंचावरची, पावसाच्या पाण्यावरची, खेर मधली रेताड, खाजन खाडीकाठची बांध घातलेली. ही नावं रंगावरून नाहीत, जागा नि पाणी बघून आहेत, कारण बियाणं कुठलं पेरायचं ते त्यावरून ठरतं. म्हणून मला थंडीवरून नाव दिलं हे विचित्र वाटत नाही, जी गोष्ट तिथल्या जगण्यावर सर्वात जास्त हुकूम चालवते तिच्यावरून नाव पडणारच.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. खाजनाचा बांध फुटला, मानस (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं दार) मोडली आणि खारं पाणी आत राहिलं तर दोन-चार वर्षांत ते शेत खाजन राहत नाही, तिथे खारफुटी उगवते, लोक नावही बदलतात. तसं तिकडे आता जमीन वितळत चाललीय म्हणतात, मग तो पर्माफ्रॉस्ट दोन मीटरच्या खाली गेला तर त्या मातीचं नाव काय? ती जेलिसॉल राहणार की नाही?

नकाशे_आणि_माती

मी मृदाशास्त्रात पीएचडी करतेय, कुळागरकार भाई तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आमच्या ग्रुपमध्ये ह्यावर तासभर वाद झालाय. नियमाप्रमाणे उत्तर सरळ आहे, पर्माफ्रॉस्ट मर्यादेच्या खाली गेला की ती माती जेलिसॉल राहत नाही, बहुतेक वेळा इन्सेप्टिसॉलमध्ये, म्हणजे थर अजून फारसे न घडलेल्या मातीच्या वर्गात, वगैरे जाते. पण तिच्यातल्या वाकलेल्या रेषा, उभे दगड तसेच राहतात. युरोपात जिथे आज पर्माफ्रॉस्ट नाही तिथेही हिमयुगातल्या अशा खुणा मिळतात, बर्फाच्या पाचरींच्या जागी रेती भरलेल्या. म्हणजे वर्गीकरण आजचं बघतं आणि प्रोफाइल जुनं सांगतं, दोन्ही वाचावं लागतं.

आणि तीन पद्धती तीन तऱ्हेच्या आहेत हेही सांगते कारण मुलं नेटवर शोधतील आणि गोंधळतील. कॅनडात ह्याला क्रायोसॉलिक म्हणतात, पोटप्रकार टर्बिक, स्टॅटिक आणि ऑरगॅनिक, अमेरिकन पद्धतीशी बऱ्यापैकी जुळतं. आंतरराष्ट्रीय डब्ल्यूआरबी पद्धतीत नाव क्रायोसॉल, पण तिथे किल्लीत पीटवाल्या (अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याच्या) मातीचा, म्हणजे हिस्टोसॉलचा नंबर आधी येतो. त्यामुळे गोठलेलं पीट अमेरिकन किल्लीत जेलिसॉल ठरतं आणि डब्ल्यूआरबीत हिस्टोसॉल, जागा तीच, खड्डा तोच! कोण चूक नाही, प्रश्न विचारायचा क्रम वेगळा आहे एवढंच. थरांच्या खुणाही वेगळ्या, अमेरिकन नोंदीत ढवळलेल्या थराला जेजे आणि गोठलेल्याला एफ लावतात, कॅनडावाले त्यासाठी वाय आणि झेड.

नाव कशाला एवढं महत्त्वाचं असं कोणी विचारेल म्हणून, उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्ट भागातल्या जमिनीत सुमारे १४६० ते १६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे असा अंदाज आहे, हवेत आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. तुमच्या कुळागरात सुपारीची झावळी पडली की पावसाळ्यात बघता बघता कुजून जाते ना, तिकडे ती कुजतच नाही, वर ढवळण्यामुळे खाली ओढली जाऊन गोठून बसते, हजारो वर्षं. कुठे टर्बेल आहे आणि कुठे ऑर्थेल हे नकाशावर कळलं तरच हा हिशोब नीट होतो, कारण टर्बेलमध्ये खोलवर कार्बन गाडलेला असतो आणि वरवरचं सॅम्पल घेतलं तर तो सुटतो.

सर्व्हेवाला_निवृत्त

ताईंनी बरोबर मुद्दा धरला. जुनं थोडं सांगतो. १९९८ च्या आधी अमेरिकन पद्धतीत जेलिसॉल हा वर्ग नव्हताच, अशा मातीला पर्जेलिक क्रायाक्वेप्ट वगैरे नावं होती, म्हणजे पर्माफ्रॉस्ट हा कुठेतरी चौथ्या पायरीवरचा उपप्रकार. मग त्यासाठी एक आंतरराष्ट्रीय समिती बसली, जेम्स बॉकहाइम तिचे प्रमुख, आणि ह्या मातीला बारावा वर्ग म्हणून सगळ्यात वर आणलं. आता किल्ली उघडली की पहिला प्रश्नच पर्माफ्रॉस्ट आहे का हा. माझ्या मते हे बरोबर झालं, जी गोष्ट पाणी खाली झिरपू देत नाही, मुळं अडवते, सगळी माती उलटीपालटी करते तिला चौथ्या पायरीवर ठेवणं चूक होतं.

आणि मास्तर, तापमान फक्त त्यांच्याच मातीला लावतात असं नाही हे त्या मुलीला सांगा. आपल्या गोव्याच्या मातीच्या पूर्ण नावातही तापमान असतं, आयसोहायपरथर्मिक, म्हणजे ५० सेंटिमीटर खाली वर्षाची सरासरी २२ अंश किंवा जास्त आणि उन्हाळा-हिवाळ्यातला फरक ६ अंशांपेक्षा कमी. फक्त आपल्याकडे ते नावात खाली फॅमिलीच्या पायरीवर येतं. ह्या कायम उबेत भरपूर पाऊस पडतो आणि सिलिका धुऊन जाऊन लोह-ॲल्युमिनियम मागे राहतं, त्यातूनच जांभा. म्हणजे जांभाही हवामानानेच घडवलाय.

सत्तरीचा_कुळागरकार

हे कोणी सांगितलंच नव्हतं इतकी वर्षं. अजून एक, ह्या गोठलेल्या जमिनीत विहीर कशी खणतात?

नकाशे_आणि_माती

भाई, सायबेरियात याकुत्स्कला १८२८ मध्ये शेर्गिन नावाच्या माणसाने पाण्यासाठी विहीर खणायला घेतली, १८३७ पर्यंत ११६ मीटर खाली गेले तरी गोठलेलीच जमीन. पाणी लागलं नाही, पण नंतर १८४० च्या दशकात मिडेनडॉर्फ ह्या शास्त्रज्ञाने त्याच विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं, पर्माफ्रॉस्टच्या अभ्यासात त्या विहिरीचं नाव आजही घेतात.

फोंड्याचा_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सोमवारी आधी त्या मुलीला उभं करून तिचाच प्रश्न परत सांगायला लावणार, मग काळ्या मातीचं उदाहरण आणि मग उभे राहिलेले दगड. सर्व्हेवाले काका, आमच्या शाळेपासून दोन किलोमीटरवर एक बंद पडलेली चिरेखाण आहे, भिंत उभी कापलेली, वरच्या मातीपासून खालच्या मऊ थरापर्यंत सगळं दिसतं. तुम्ही एक दिवस येऊन मुलांना प्रोफाइल कसं लिहितात ते दाखवाल का? पाऊस लागायच्या आधी जमवूया, नंतर तिथे पाणी भरतं.

सर्व्हेवाला_निवृत्त

येतो. रंगाचा चार्ट माझ्याकडे अजून आहे, तुम्ही फक्त टेप, पाण्याची बाटली आणि एक बोथट सुरी आणा, आणि मुलांना सकाळी लवकर बोलवा, दहानंतर त्या भिंतीवर ऊन येऊन रंग नीट वाचता येत नाहीत.