मदत हवी आहे: मलेरियाचे परजीवी उपाशी ठेवले तरी मरत नाहीत!

अर्धवट_पीएचडी: शुक्रवारी सरांना दाखवायचंय, म्हणून थोडक्यात लिहिते. फाल्सिपेरमचं (मलेरियाच्या परजीवीची एक जात) कल्चर आहे, म्हणजे तो बाटलीत लाल पेशींवर वाढवलाय. मीडियातून, म्हणजे पोषक द्रावातून, आयसोल्युसिन काढलंय. मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये हे अमिनो आम्ल नसतंच. म्हणजे परजीवीने आख्खी लाल पेशी खाल्ली तरी ते मिळणार नाही आणि तो मरायला हवा. माझे मरत नाहीत. दोनदा केलं. काय चुकतंय?

निवृत्त_स्लाइडवाला: किती तास ठेवलं? सिरम (रक्तातला पेशी काढलेला द्रव) घालता की त्याच्या जागी वापरतात ते अल्ब्युमॅक्स? पेशी किती वेळा धुतल्या? आणि 'मरत नाहीत' म्हणजे स्लाइडवर नेमकं काय दिसतं? पेशंटला बरं नाही एवढंच सांगून डॉक्टरांना फोन लावल्यासारखं झालं हे.

शेवग्याची_शेंग: माझ्या जावेला मागच्या पावसाळ्यात झाला होता. पपईच्या पानांचा रस दिला, प्लेटलेट भराभर चढल्या. करून बघा.

निवृत्त_स्लाइडवाला: अहो ताई, इथे पेशंट नाही, बाटली आहे. आणि पपई लोक डेंग्यूला देतात. मलेरियाला रक्त तपासून गोळ्यांचा कोर्स पुरा करायचा.

शेवग्याची_शेंग: मग बाटलीला द्यायला काय हरकत आहे? :)

साखरसम्राट: अमिनो आम्लांच्या मागे कशाला लागलात? खरा खेळ ग्लुकोजचा. परजीवी आत असलेली पेशी साध्या पेशीच्या कितीतरी पट साखर ओढते आणि लॅक्टेट बाहेर टाकते. मीडिया रोज बदलता का? हायपोझँथिन घातलंय का? ते प्युरिन आहे, डीएनएचा कच्चा माल. प्युरिन त्याला स्वतःला बनवता येत नाही, ते बाहेरूनच लागतं. कल्चर बसतं ते बहुतेक वेळा यातल्याच एखाद्या गोष्टीने.

अर्धवट_पीएचडी: रोज बदलते. हायपोझँथिन आहे. आणि ते का मरतात हे मी विचारलेलंच नाही, का मरत नाहीत हे विचारलंय. वाचा तरी!

खिडकीतला_बोका: रक्त कुणाचं? गर्भनाळेचं असेल तर कोडं सुटलं. गर्भातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनमधल्या गॅमा साखळीत आयसोल्युसिन असतं.

अर्धवट_पीएचडी: नाही, रक्तपेढीतून आणलेलं, मोठ्या माणसाचं, ओ पॉझिटिव्ह. सिरम १०%. एकदा धुतल्या. सॉर्बिटॉल (साखरेसारखं एक रसायन) देऊन सगळे रिंग, म्हणजे कोवळ्या, अवस्थेत आणले होते.

निवृत्त_स्लाइडवाला: हे आता सांगताय! सिरममध्ये मोकळी अमिनो आम्लं असतात. पुढच्या वेळी अल्ब्युमॅक्स घ्या आणि तीनदा धुवा.

साखरसम्राट: काका, १०% सिरममधून मिळून मिळून किती मिळणार? तेवढ्यावर कल्चर नीट वाढणार नाही.

निवृत्त_स्लाइडवाला: नीट वाढतंय असं म्हटलंय कुणी? मरत नाही एवढंच त्या म्हणाल्या.

खिडकीतला_बोका: सॉर्बिटॉलवरून आठवलं. मोठे परजीवी त्यात फुटतात, कारण त्यांनी लाल पेशीच्या पटलात नवी वाट उघडलेली असते. तिच्यातून सॉर्बिटॉल आत घुसतं, मागोमाग पाणी, आणि पेशी फुटते. बाहेरचं आयसोल्युसिनही याच वाटेने आत येतं. घरफोडीला चोराचीच खिडकी वापरायची!

आडून_विचारतो: मी कॉमर्सचा. आयसोल्युसिन नाही तर मग हिमोग्लोबिन खातो कशाला?

निवृत्त_स्लाइडवाला: बाकीची अमिनो आम्लं त्यातून मिळतात ना. पण खातो निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन आणि वापरतो त्यातला छोटा हिस्सा, उरलेलं चक्क बाहेर टाकतो. त्यामागे पेशीत जागा करणं, ती फुगून अकाली फुटू नये हे बघणं, अशी कारणं सांगतात. राहिलेला हीम (हिमोग्लोबिनचा लोह असलेला भाग) विषारी, त्याचे तो स्फटिक करून ठेवतो. स्लाइडवर तपकिरी-काळा ठिपका दिसतो तो हाच. क्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध नेमकं इथे आडवं येतं.

साखरसम्राट: आता क्लोरोक्विनचा विषय कुठे निघाला?

निवृत्त_स्लाइडवाला: विचारलं म्हणून सांगितलं. बाई, आकडे टाका.

अर्धवट_पीएचडी: आत्ता स्लाइडला गिम्सा रंग देऊन मोजले. दोन्ही बाटल्या १% वर (शंभरातल्या एका लाल पेशीत परजीवी) सुरू केल्या होत्या. ७२ तासांनी आयसोल्युसिन असलेल्या बाटलीत ५% च्या वर, नवीन पिढी. नसलेल्या बाटलीत अजून १% च. एकही नवी रिंग नाही, शायझाँट (विभागून फुटायला आलेला परजीवी) नाही. सगळे ट्रोफोझॉइटवर (मधल्या, वाढीच्या अवस्थेवर) अडकलेत, पोटात पिगमेंटचा एकेक बारीक ठिपका. मी आतापर्यंत आहेत की नाहीत एवढंच बघत होते :(

खिडकीतला_बोका: मेलेले नाहीत, थबकलेत! आयसोल्युसिन काढलं की परजीवी मरण्याऐवजी चक्र अगदी मंद करतो आणि ते परत मिळालं की पुन्हा चालू लागतो. यावर २०१२ मध्ये पेपर आलाय. अर्ध्या बाटलीत आयसोल्युसिन घाला, अर्धी तशीच ठेवा.

निवृत्त_स्लाइडवाला: सिरमचं मी म्हटलेलं तरीही तपासाच.

अर्धवट_पीएचडी: दोन फ्लास्क केले, एकात घातलं. अल्ब्युमॅक्सवाला सेटही लावते. सरांना शुक्रवारचं सोमवारवर ढकललंय. उद्या सकाळी आठला पहिली स्लाइड.

शेवग्याची_शेंग: तिसरा फ्लास्क पपईचा ना?