जुलैत आडवा पडणारा स्पायडरवर्ट: काय करावे?

प्रश्न – ओसरी (न्यू जर्सी)

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी आम्ही घेतलेल्या घराच्या कुंपणालगत, आधीच्या मालकांनी लावलेले स्पायडरवर्टचे चार मोठे गड्डे आहेत. मेच्या अखेरीपासून जूनभर सकाळी त्यांच्यावर जांभळट निळ्या, तीन पाकळ्यांच्या फुलांचा असा बहर असतो की चहाचा कप हातात घेऊन मी तिथेच उभी राहते. उन्हाच्या दिवशी दुपारपर्यंत सगळी फुले मिटतात आणि संध्याकाळी पाहावे तर पाकळ्यांच्या जागी निळसर चिकट थेंब तेवढा उरलेला असतो. इथवर माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार जुलैतली आहे. गड्डा मधोमध फाकतो, दांडे चहूबाजूंनी जमिनीवर लोळतात, पानांची टोके तपकिरी पडतात आणि सारा कोपरा उजाड दिसू लागतो. मागील वर्षी मी रोग समजून बुरशीनाशक फवारले. यंदा उपासमार होत असेल असे वाटून दर पंधरा दिवसांनी द्रवखत आणि रोज संध्याकाळी भरपूर पाणी दिले, तर झाड अधिकच माजले आणि मागच्या वर्षीपेक्षा आठवडाभर आधीच आडवे झाले.

दुसरी गोष्ट माझ्या आईची. ती सध्या सोलापूरहून इथे आली आहे. बागेत पाऊल टाकताच ‘अगं, हे तर केनं आहे, शेतातलं तण कुणी बागेत लावतं का?’ असे म्हणत तिने एका कोपऱ्यातली बरीच रोपे उपटून टाकली आणि राहिलेल्या गड्ड्यांच्या पानांची भजी करावीत का, असेही विचारले. झाड का पडते, ते छाटावे का आणि आईचे म्हणणे कितपत बरोबर आहे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर – मातीचे हात (ओहायो)

तुमच्या झाडाला कोणताही रोग झालेला नाही. पहिला बहर संपला की ते असेच पसरते. एकेक फूल एकच दिवस टिकते, पण प्रत्येक दांड्याच्या टोकाशी कळ्यांचा झुबका असतो आणि त्यातील कळ्या पाळीपाळीने उमलत राहतात, म्हणून बहर पाच-सहा आठवडे चालतो. कळ्या संपल्या की दांड्यांचे काम संपते, खाली बी धरू लागते आणि त्याच सुमारास उकाडा वाढलेला असतो. अशा वेळी खत आणि पाणी वाढवणे म्हणजे निवृत्त माणसाला बढती देण्यासारखे आहे. नत्रामुळे दांडे लांब, पाणीदार आणि पोकळ वाढतात आणि पहिल्या जोरदार सरीत कोसळतात.

उपाय सोपा असला तरी पहिल्या वेळी हात धजत नाही. फुलांचा जोर ओसरला की सगळा गड्डा जमिनीपासून वीतभर ठेवून सरसकट कापून टाका. एकेक दांडा निवडत बसू नका. दोन-तीन आठवड्यांत बुंध्यातून नवी, हिरवीगार, आटोपशीर पाने येतात आणि उन्हाळा फार कोरडा गेला नाही तर सप्टेंबरच्या सुमारास थोडी फुलेही येतात. कापल्यावर आठवड्यातून एकदा मुळापर्यंत पोहोचेल असे पाणी पुरे. खत म्हणून वसंतात पालापाचोळ्याच्या कंपोस्टचा पातळ थर दिला की वर्षभराची सोय झाली. द्रवखताची बाटली कुंड्यांसाठी राखून ठेवा. वेळेवर कापण्याचा दुसरा फायदा असा की बी पडत नाही. न कापल्यास पुढील वसंतात फरशांच्या फटीतूनही रोपे उगवतात आणि ती उपटताना मुळाचा तुकडा मागे राहिला तर पुन्हा फुटतात.

जागेबद्दलही थोडे बोलायला हवे, कारण पडण्याचे निम्मे कारण बहुधा तेच असते. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली या झाडाला सर्वांत मानवते. दिवसभर ऊन असल्यास माती ओलसर राहिली पाहिजे, आणि दाट सावलीत फुले कमी येऊन दांडे उजेडाकडे झुकतात. थोडी आम्लधर्मी, पाणी धरणारी पण न साचवणारी माती उत्तम, तरी चिकणमातीतही ते तग धरते. काळ्या अक्रोडाच्या मुळांतून येणाऱ्या द्रव्यामुळे ज्या जागी टोमॅटो जगत नाही, तिथेही स्पायडरवर्ट वाढतो, हे मी शेजाऱ्यांच्या अक्रोडाच्या कृपेने पंधरा वर्षे पाहतो आहे.

तीन-चार वर्षांनी गड्ड्याचा मधला भाग विरळ होतो. तेव्हा लवकर वसंतात, कोंब बोटभर असताना, फावड्याने गड्डा उचलून त्याचे धारदार सुरीने तीन-चार भाग करा, मधला जून भाग टाकून द्या आणि कडेचे भाग दीड-दोन फुटांच्या अंतरावर लावा. गोगलगायी, ससे आणि हरणे कोवळी पाने खातात. बाकी त्रास नगण्य आहे. छाटताना मात्र हातमोजे घाला, कारण चीक काहींच्या त्वचेला खाजवतो, आणि कुत्रा असल्यास त्याला कापलेल्या ढिगात लोळू देऊ नका.

उत्तर – सह्यपठार (सातारा)

वरील उत्तर बागेच्या दृष्टीने पूर्ण आहे, म्हणून मी केवळ आईंच्या वतीने बोलतो. मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे आणि मला त्यांची नजर पक्की वाटते. आपला केना म्हणजे कॉमेलिना बेंगालेन्सिस आणि तुमचा स्पायडरवर्ट म्हणजे ट्रॅडेस्कँशिया ही एकाच कुलातली भावंडे आहेत. गंमत अशी की अमेरिकेत आपल्या केन्यालाच ‘ट्रॉपिकल स्पायडरवर्ट’ असेही म्हणतात. तिथे तो संघराज्याच्या हानिकारक तणांच्या यादीत आहे आणि जॉर्जियातील कापसाच्या शेतकऱ्यांना त्याने जेरीस आणले आहे. तेव्हा प्रेमापोटीसुद्धा केन्याचे बी सामानातून नेऊ नये.

ओळख फुलावरून करा. ट्रॅडेस्कँशियाच्या तिन्ही पाकळ्या सारख्या असतात आणि मधोमध पिवळ्या परागकोशांभोवती निळ्या केसांचा झुबका दिसतो. कॉमेलिनाच्या दोन पाकळ्या मोठ्या, तिसरी लहान, आणि फूल दुमडलेल्या पानासारख्या एका पुडीतून बाहेर येते. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने कॉमेलिना हे नाव देताना सांगितले होते की कॉमेलिन घराण्यातील दोघे वनस्पतिशास्त्रात नावाजले आणि तिसरा काही करून दाखवण्याआधीच वारला, म्हणून दोन पाकळ्या ठसठशीत आणि एक नाममात्र. न्यू जर्सीत कॉमेलिना कम्युनिस ही पूर्व आशियातून आलेली जात सर्रास उगवते. तिची तिसरी पाकळी पांढुरकी असते, आणि आईंनी उपटलेली रोपे बहुधा तीच असावीत. ट्रॅडेस्कँशिया हे नाव मात्र लंडनच्या ट्रॅडेस्कँट या माळी पितापुत्रांवरून आले. थोरल्या जॉन ट्रॅडेस्कँट यांना व्हर्जिनियातून हे झाड मिळाल्याचा उल्लेख १६२९ च्या एका इंग्रजी उद्यानग्रंथात आहे.

परागकोशांभोवतीचे ते केस एकेका पेशीच्या माळेसारखे असतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही आतील जीवद्रव्य वाहताना दिसते. निळ्या-गुलाबी संकरित झाडांच्या केसांतील एखादी पेशी किरणोत्सर्गाने गुलाबी होते, म्हणून शास्त्रज्ञांनी हे झाड किरणोत्सर्ग मोजण्यासाठी वापरले आहे. घरी भिंग असेल तर आईंना एकदा दाखवाच.

भज्यांविषयी सांगायचे तर अमेरिकेतले मूळनिवासी चेरोकी लोक व्हर्जिनियाच्या स्पायडरवर्टची कोवळी पाने शिजवून खात असल्याच्या नोंदी आहेत. तरीही ज्या बागेत गेल्या वर्षी बुरशीनाशक फवारले, तिथली पाने कढईत जाऊ नयेत, असे मला वाटते.

उत्तर – गच्चीबाग (पुणे)

हे झाड पुण्यात गच्चीवर येईल का? मावसभाऊ डिसेंबरमध्ये बोस्टनहून येणार आहे, त्याला बी आणायला सांगावे काय?

उत्तर – मातीचे हात (ओहायो)

बी आणायला सांगू नका. भारतात बी-रोपे आणण्यासाठी आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते; २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशात तसे नियम आहेत. शिवाय या बियांना उगवण्यापूर्वी तीन-चार महिने ओलसर थंडी लागते आणि झाडालाही हिवाळ्यात जमिनीत झोपायची सवय आहे. पुण्याच्या गच्चीवर त्याची उष्ण प्रदेशांतली भावंडे अधिक सुखाने नांदतील. जांभळ्या पानांचा पर्पल हार्ट, चंदेरी पट्ट्यांची झेब्रिना आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत ज्याच्या पानाची जांभळी साल आपण सर्वांनी सोलली तो ऱ्हिओ, हे तिघेही आता ट्रॅडेस्कँशियाच मानले जातात. पर्पल हार्टचा वीतभर दांडा मातीत खोचला की आठवड्या-दोन आठवड्यांत मुळे फुटतात. ऊन मिळाले तर रंग गडद होतो, सावलीत पाने हिरवट पडतात, आणि पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू देऊ नये एवढेच पथ्य आहे.

उत्तर – ओसरी (न्यू जर्सी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी चारपैकी तीन गड्डे वीतभर ठेवून कापले आणि तुलनेसाठी एक तसाच सोडला. खत बंद केले आहे. ज्या कोपऱ्यातली रोपे आईने उपटली होती तिथे एक रोप राहून गेले होते आणि त्याला काल फूल आले: दोन निळ्या पाकळ्या, खाली एक पांढुरकी. आईने भिंग मागितलेही नाही. ‘मी काय म्हणत होते?’ एवढेच म्हणाली आणि तेही उपटले.

एक शंका उरली आहे. कापलेल्या गड्ड्यांपैकी एकाचा मधला भाग पूर्ण पोकळ निघाला. त्याची विभागणी आताच, म्हणजे उन्हाळ्यात केली तर चालेल का?

उत्तर – मातीचे हात (ओहायो)

आता नको. नवी पाने येऊ द्या आणि सप्टेंबरमध्ये हवा गार झाली की करा, म्हणजे जमीन गोठण्यापूर्वी मुळांना सहा-सात आठवडे मिळतील. तेवढे जमले नाही तर सरळ एप्रिलपर्यंत थांबा.