चिनी नाव घ्यायचं तर अर्थाचं की उच्चाराचं?

मेघना_कु:

कंपनी दोन वर्षांसाठी सुझौला पाठवतेय. व्हिजिटिंग कार्डाची एक बाजू इंग्रजी, दुसरी चिनी. त्या दुसऱ्या बाजूवर काय छापायचं यावरून आठवडाभर माझं आणि चिनी शिकवणाऱ्या बाईंचं जुंपलंय.

बाईंनी दिलेलं नाव 'मेइ ना'. मेइ म्हणजे ऐन थंडीत फुलणारं प्लमच्या जातीचं फूल, ना म्हणजे नाजूक, डौलदार. ऐकायला मेघनाच्या जवळ जातं, मान्य. पण ते 'ना' तिकडे ज्या त्या परदेशी बाईला चिकटवलेलं असतं. अ‍ॅना, टीना, डायना, सगळ्यांना तेच अक्षर, डाव्या अंगाला 'स्त्री' हे चिन्ह असलेलं. म्हणजे अर्थ काय निघाला, तर बाई आहे आणि बाहेरची आहे.

माझं म्हणणं असं. चिनीत नुसता आवाज लिहायची सोय नाही. जे अक्षर घ्याल ते आपला अर्थ घेऊनच येतं. मुंबईचं तिकडे 'मंगमाइ' होतं आणि त्यातल्या 'माइ'चा अर्थ विकत घेणे (दलाल स्ट्रीटने नोंद घ्यावी). गांधींचं 'गान्दी' होतं, गोड जमीन. कुणी ठरवून केलेलं नाही, आवाज जुळवता जुळवता झालं. अर्थ जर आपोआप येणारच, तर तो आपण निवडलेला काय वाईट?

टागोरांचंच बघा. १९२४ च्या मे महिन्यात ते बीजिंगला होते, तेव्हा वाढदिवसाला लिआंग छीछाओ या मोठ्या विद्वानाने त्यांना 'जू झन्दान' हे नाव दिलं. 'जू' हे भारताच्या जुन्या चिनी नावातून घेतलेलं. पूर्वी इथून गेलेले भिक्षूही तेच आडनाव लावत. झन् म्हणजे गडगडाट, दान म्हणजे पहाट. रवी आणि इंद्र! वर 'झन्दान' हे चीनचंही प्राचीन नाव, आपल्या 'चीनस्थान'वरून गेलेलं. रवींद्रनाथ या उच्चाराचा त्यात मागमूस नाही. याला म्हणतात नाव.

तर माझा प्रस्ताव: आडनाव 'गू' (अर्थ प्राचीन, कुलकर्णीतल्या 'कु'च्या जवळचं, अस्सल चिनी आडनाव), नाव 'युन', म्हणजे ढग. गू युन, प्राचीन ढग. बाई हसल्या आणि त्यांनी विषय बदलला. तुम्ही बोला.

सदाशिवपेठी:

आडनावाबद्दल बोलू की गप्प बसू? कार्ड सुझौचं असलं तरी तू दिवाळीला चाकणला येणार, आणि गेटवरचा वॉचमन रजिस्टरात 'गू मॅडम आल्या' असं लिहिणार. हलके घे.

पण मुद्दा खरा आहे. तुला 'प्राचीन' दिसतं आणि मला जे ऐकू येतं ते ऐकू येतं. नाव दिवसातून एकदा वाचलं जातं आणि पन्नासदा हाकारलं जातं. मी उच्चाराच्या बाजूचा.

मेघना_कु:

हे येणार माहीत होतं. सुझौमध्ये कुणाला मराठी येत नाही, काका.

दहा_वर्षं_शांघाय:

मराठी येत नसेल, पण चिनी येतं ना. बाई का हसल्या ते सांगतो.

'युन'चं अक्षर मुळात ढगाचंच चित्र होतं. पुढे त्याच उच्चाराच्या 'म्हणतो' या क्रियापदासाठी ते उसनं घेतलं गेलं. घोळ व्हायला लागला म्हणून ढगाच्या डोक्यावर 'पाऊस' हे चिन्ह बसवून वेगळं अक्षर केलं. मग गेल्या शतकात सरकारने लिपी सोपी केली, पाऊस काढून टाकला, ढग आणि 'म्हणतो' पुन्हा एकाच अक्षरात आले. एकट्या 'युन'वर कुणाचं काही म्हणणं नाही, मुलींच्या नावांत ते सर्रास असतं. पण त्याच्या आधी 'गू' आलं की शिकलेला माणूस 'प्राचीन ढग' वाचतच नाही. तो वाचतो 'पूर्वजांनी म्हटले आहे'. तू कार्ड दोन्ही हातांनी पुढे करणार, समोरचा वाचणार 'पूर्वजांनी म्हटले आहे' आणि वाट बघणार, पुढे काय म्हटलंय त्याची.

शिवाय स्वर. युन चढत्या स्वरात ढग. तोच खाली आपटलास की गर्भवती, नाहीतर गाडी लागणे. आपल्या मराठी जिभेला स्वरांची सवय नाही, पहिले सहा महिने आपण सगळंच आपटतो. मी तरी आपटलं.

अर्थ शब्दकोशात नसतो, वाचणाऱ्याच्या कानात आणि पाठांतरात असतो. बाईंचं 'मेइ ना' मुकाट घे. गुळगुळीत आहे, पण कुठे अडकत नाही.

सोलापूरकर:

शांघायकरांशी साफ असहमत. परकीयाला अर्थाचं नाव मिळतं तेव्हा काय होतं याचं सर्वांत मोठं उदाहरण आमच्या गावचं आहे आणि अजून कुणी त्यांचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून गेले, ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच वारले, वय अवघं ३२. चिनी नाव 'के दिहुआ'. 'के' हे खरं चिनी आडनाव, को-शी जुळणारं. 'हुआ' म्हणजे चीन, हे सगळे सांगतात. पण मधलं 'दि' बघा. ते एका फुलझाडाचं नाव आहे. चिनी भाषेतल्या सर्वांत जुन्या कवितांपैकी एकीची सुरुवातच या झाडाच्या बहराने होते आणि पुढे म्हटलंय की भावासारखं जगात कोणी नाही. तिथपासून 'दिहुआ' ही जोडी म्हणजे भाऊ-भाऊ, असा संकेतच झाला, कारण 'हुआ'चा जुना अर्थ फूल. साधा माणूस त्यात चीन वाचतो, वाचलेला माणूस बंधुत्व वाचतो. आणि उच्चारही कोटणीसपासून फार लांब गेलेला नाही. दोन्ही साधलं की! मेघना, घाई करू नकोस, नीट शोध.

तर्कटराव:

सोलापूरकर, तुमच्या गावाबद्दल आदर आहे, पण हे झाडबीड जरा जास्त होतंय. 'हुआ' एकट्या कोटणिसांच्या नावात नव्हतं. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी, पाचही जणांच्या नावाच्या शेवटी तेच. सरसकट लावलेल्या अक्षरात चीनच वाचायचा, फूल कशाला?

आणि त्याच पथकातलं दुसरं नाव घ्या. प्रमुख डॉ. अटल यांचं झालं 'आय दहुआ'. सुटी अक्षरं काय सुंदर! प्रेम, सद्गुण, चीन. पण हीच तीन अक्षरं याच क्रमाने चिनीत 'एडवर्ड' लिहायला वापरतात. त्यामुळे काश्मिरी पंडित अटल आज कुणाला नुसत्या नावाने दाखवले तर तो म्हणेल, हे कोण इंग्रज साहेब? अर्थ निवडणाऱ्याच्या हातात असतो हा भ्रम आहे.

सोलापूरकर:

फूल कुणी मुद्दाम घातलं असं मी म्हटलंच नाही. वाचणाऱ्याला ते दिसतं एवढंच म्हटलं. अर्थ वाचणाऱ्याच्या पाठांतरात असतो हे शांघायकर वर म्हणालेच आहेत, मग ते माझ्या बाजूने मोजा.

आणि कोटणिसांच्या मुलाचं नाव? यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन, मार्शल न्ये रोंगझन यांनी सुचवलेलं. आता सुटं 'यिन' काढलंत तर त्याचा अर्थ शिक्का. पण 'शिक्का-चीन' असं कुणी वाचत नाही. हिंदी बाप आणि चिनी आई असलेल्या पोराचं नाव लोक बरोबर वाचतात.

शुभदा_साताऱ्याची:

सगळे अर्थावर इतके खूश आहात म्हणून थोडं वेगळं लिहिते. अर्थपूर्ण नाव म्हणजे चांगलं नाव हे कुणी ठरवलं?

माझ्या आधीच्या ऑफिसात एक चिनी सहकारी होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. नाव 'झाओदी'. मी उत्साहाने अर्थ विचारला. ती म्हणाली, 'धाकट्या भावाला बोलाव.' आणि पुन्हा स्क्रीनकडे वळली. तिच्या पिढीत अशा पुष्कळ जणी आहेत, 'भाऊ येवो', 'भावाची आस' अशा नावांच्या. अक्षरं अगदी स्पष्ट, उच्चार गोड, अर्थाबद्दल कसलाही संशय नाही.

आणि तिकडेच कशाला बघायचं? २०११ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या साताऱ्यात २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली. सगळ्या 'नकुशा'. देवनागरीत लिहिलं म्हणून तो अर्थ काही कमी लागत नव्हता. नवं नाव निवडायची वेळ आली तेव्हा बऱ्याच पोरींनी सिनेनट्यांची नावं घेतली. अर्थ शोधत कोण बसलं होतं? ऐकायला छान वाटलं, घेतलं. मला ते फार आवडलं होतं.

त्यामुळे माझं मत 'मेइ ना'ला. नावाला थोडं रिकामं राहू द्यावं.

टवाळ_कार्टं:

तैवानमध्ये २०२१ साली एका हॉटेलसाखळीने नावात 'सॅल्मन मासा' ही अक्षरं असलेल्याला सुशी फुकट जाहीर केली. शेकडो पोरांनी सरकारी कचेरीत जाऊन अधिकृत नाव बदललं. अर्थपूर्ण म्हणाल तर याहून अर्थपूर्ण काय! पोट भरलं.

व्याकरणमास्तर:

वरच्या विनोदात नियम दडलाय: तिथे नाव किती वेळा बदलता येईल यावर मर्यादा आहे. चेष्टा चेष्टेत संधी वाया जाते.

मेघना, दुर्मीळ अक्षरांच्या नादी मात्र लागू नकोस. बीजिंगमधल्या एका मुलीच्या आजोबांनी कोशातून तीन घोडे शेजारी शेजारी असलेलं अक्षर हुडकून तिचं नाव ठेवलं. देखणं अक्षर! पण नवी ओळखपत्रं संगणकावर आली तेव्हा यंत्राला ते टाइपच करता येईना. २०१३ च्या सरकारी यादीत ८१०५ अक्षरं आहेत. त्यांतलं घे, भरपूर झाली.

अवांतर: आपण पंचांगात चरणाक्षर बघतो तसे तिकडे जन्मवेळेची आठ अक्षरं मांडतात आणि पत्रिकेत पाणी कमी निघालं तर पाण्याचं चिन्ह असलेलं अक्षर नावात घालतात. सासूबाईंना सांगू नकोस.

मेघना_कु:

सगळ्यांचं वाचलं. 'पूर्वजांनी म्हटले आहे' वाचून मी ऑफिसात एकटीच हसत होते. गू युन रद्द. पण 'मेइ ना'ही अजून पटलेलं नाही, शुभदाताईंचं पटलं तरी.

काल बाईंना तुमचे मुद्दे सांगितले. मराठीत 'गू' म्हणजे काय तेही सांगितलं, त्या खुर्चीतून पडायच्या राहिल्या. मग विचारलं, तुमच्या आडनावाचा मूळ अर्थ काय? म्हटलं, गावाचं दप्तर सांभाळणारा, नोंदी लिहिणारा. त्या एकदम सरसावून बसल्या. म्हणाल्या, मग तुमच्यासाठी खरं आडनाव आहे, आवाज नको, अर्थच घ्या. वहीवर एक अक्षर काढलं, पाचच रेघा. म्हणाल्या, नोंदी ठेवणारा दरबारी लेखनिक हा याचा जुना अर्थ, आज इतिहास. हे आडनाव लावणारे आजही भरपूर आहेत. कुलकर्णीचं याहून नेमकं चिनी होणार नाही.

मी विचारलं, उच्चार?

'शी.'

मी गप्प. बाईंना वाटलं मला आवडलं नाही, म्हणून प्रामाणिकपणे त्यांनीच पुढे सांगून टाकलं की चिनीतही अगदी याच स्वरात 'विष्ठा' असा एक शब्द आहे, पण आडनाव म्हटल्यावर तिकडे कुणाच्या मनात येत नाही. शाळेत मुलं चिडवतात, तेवढंच.

कार्ड अजून छापायला दिलेलं नाही. सदाशिवपेठी काका, बोला आता.

सदाशिवपेठी:

वॉचमनचा प्रश्न तसाच आहे.