ई२० आणि कार्बोरेटरवाली आठशे: वाइडबँड गेज लावायचं की प्लग बघून भागतं?

आठशेवाला, सातारा

माझं मत आधी मांडतो, मग खुशाल खोडून काढा. कार्बोरेटरची गाडी ई२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, चालवायची असेल तर जेटला (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) हात लावायच्या आधी एक्झॉस्ट पाइपात वाइडबँड सेन्सर बसवा; तो धुरावरून हवा आणि पेट्रोलचं प्रमाण सांगतो. आकडा बघितल्याशिवाय केलेलं ट्यूनिंग म्हणजे अंधारात चाचपडणं.

गाडी वडिलांची, १९९६ ची मारुती ८००. पंपावर सगळीकडे ई२० आल्यापासून यवतेश्वरच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्येही दम टाकायला लागली, इंजिन तापायला लागलं. कारण उघड आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १ किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच इंधन वाढवतो. कार्बोरेटरला कोण सांगणार? जेटचं भोक तेवढंच राहतं आणि मिक्श्चर ७-८ टक्के लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. उलट झालं की रिच.

म्हणून ५२ मिलिमीटरचं गेज आणि बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर घेतला. तो मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करावा लागत नाही, जुन्या ४.२ ला ते करावं लागायचं. १९९५ मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (पाइपातला धूर स्वच्छ करणारा डबा) फक्त चार महानगरांत सक्तीचा झाला होता आणि आमची गाडी एमएच ११, त्यामुळे पाइप सरळ आहे. कन्व्हर्टर असेल त्यांनी सेन्सर त्याच्या अलीकडेच लावावा. एम१८ चूडीचा बुश वेल्ड करून घेतला, पाइपाच्या वरच्या अंगाला, घड्याळात एक वाजल्यासारखा तिरका. खालच्या बाजूला लावला तर सकाळी पाइपात साचलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर येतं आणि सेन्सर तडकतो. हीटरची वायर फ्यूज टाकून किल्लीच्या लाइनवर घेतली.

गॅरेजवाले काका, कराड

पस्तीस वर्षं पाना धरतोय, म्हणून स्पष्ट बोलतो. एवढी पाच आकडी रक्कम या कामाला घालू नका. तुमचा सेन्सर तीन सिलिंडरचा धूर एकत्र हुंगतो आणि सरासरी सांगतो. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट एका सिलिंडरपाशी हवा ओढत असेल तर तो एकटा लीन, बाकीचे दोन रिच, आणि तुमचा आकडा मात्र झकास. स्पार्क प्लग काढून रंग बघितला की लगेच कळतं: दोन काळपट, एक पांढराफटक. शिवाय मिसिंग असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिक्श्चर पेटतच नसेल, तर न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि गेज लीन दाखवतं. त्यावर विश्वास ठेवून जेट मोठं केलं की गाडी पेट्रोल पिते आणि दुखणं जागच्या जागी.

अजून एक. ई२० ने जुने रबर पार्ट आधी जातात. पेडल दाबल्यावर गाडी आचका देते, त्यात निम्म्या वेळा अॅक्सिलरेटर पंपाचा (पेडल दाबताच जादा पेट्रोल फवारणारा) रबरी डायफ्रॅम कडक झालेला असतो. तो बदला, होसपाइप बदला, मग गेजचं बघा.

लॅम्बडा१, नाशिक

काकांचं तीन सिलिंडरचं म्हणणं खरं आहे. पण प्लगचा रंग आता पूर्वीसारखा बोलत नाही. इथेनॉलची काजळी कमी, त्यामुळे मिक्श्चर ठीक असतानाही प्लग फिकट दिसतो. पेट्रोलच्या काळात बसलेली नजर ई२० वर फसते.

आठशेवाले, गेज लॅम्बडावर ठेवा. सेन्सर मुळात लॅम्बडाच मोजतो, म्हणजे त्या इंधनाला पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे ते; १ च्या वर लीन, खाली रिच. गेज त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवतं, टाकीत काहीही असो. म्हणून ई२० असूनही बरोबर मिक्श्चरला १४.७ च दिसतं आणि लोक १३.५ आणायच्या नादात गाडी रिच करून बसतात. लॅम्बडा १ म्हणजे १, इंधन कुठलंही असो. चढावर फुल्ल लोडला ०.८७ च्या आसपास, सपाटीला निवांत चालताना १ किंवा किंचित वर.

हायवेवाला, पनवेल

इंजेक्शनची स्टॉक गाडी असलेल्यांनी हे वाचून गेज मागवू नये. कंपनीचा साधा ऑक्सिजन सेन्सर ०.४५ व्होल्टच्या वर रिच, खाली लीन एवढंच सांगतो, आणि रोजच्या चालण्यात ईसीयूला तेवढं पुरतं. टर्बो किंवा रीमॅप (ईसीयूची सेटिंग बदलणं) केलेल्यांचं वेगळं. त्यांनी टर्बोच्या नंतरच्या पाइपात वेगळा बुश लावावा, कंपनीचा सेन्सर काढून त्या भोकात हा घालू नये.

आठशेवाला, सातारा

काका, डायफ्रॅम मी आधीच बदलला होता. आचका गेला, पण चढावर एकसारखं पेडल दाबून ठेवलं की लॅम्बडा १.०८. तिथे पंपाचा संबंध संपतो, तिथे मेन जेटच. ते मोठं केल्यावर ०.९१ आला आणि तेच वळण गाडी न रडता चढली.

पण एका बाबतीत तुमचं पटलं, ते लिहितो. पहिल्या दिवशी स्लोला (गाडी उभी, इंजिन चालू) लॅम्बडा १.१६ दिसत होता आणि मी मिक्श्चर स्क्रू उघडतच गेलो. पाठीमागे पेट्रोलचा वास, डोळे चुरचुरायला लागले, तरी आकडा लीनच. शेवटी मॅनिफोल्ड आणि पाइपाच्या जोडावर साबणाचं पाणी टाकलं, तर गार इंजिन सुरू करताच फेस उडाला. गॅस्केट गेलं होतं आणि स्लोला तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती. पन्नास-शंभराच्या गॅस्केटने मला दोन दिवस फिरवलं. त्यामुळे गेज लावणाऱ्याने आधी एक्झॉस्टचे जोड तपासावेत.

गॅरेजवाले काका, कराड

मग माझंही एक मान्य करतो. १.०८ आणि ०.९१ मधला फरक चढावर पेडल दाबलेलं असताना प्लगवरून नेमका सांगता येत नाही. पीयूसीचं मशीनही तुमच्या गाडीला स्लोवरच लागतं, लोडचं त्यात काही दिसत नाही. पण गेज कायमचं गाडीत ठेवायला माझा विरोध आहे. ट्यूनिंग झालं की काढा, बुशला बोल्ट मारा, दुसऱ्याच्या गाडीला वापरा.

आठशेवाला, सातारा

ते करणारच आहे, पाइपात हीटर बंद ठेवून सोडला तर काजळीने सेन्सर खराब होतो. फक्त उन्हाळा आणि पावसाळा एकेक आकडा घेऊ दे. रविवारी सकाळी इकडे या, काका. चढ संपला की प्लग तुम्ही काढा, लॅम्बडा मी वहीत उतरवून ठेवतो, आणि तिन्ही प्लग एका रंगाचे आहेत का ते दोघं मिळून बघू.